माझी छाती, ताईंचं नाव

"हात वर कर."

मी हात वर केले. ताईंनी सेंटची बाटली हलवली आणि माझ्या दोन्ही काखांत मारली. मग पाठीवर. मग केसांवर. आमच्याकडे कापसावर फवारा मारतात तसा, एक ओळ सुटू द्यायची नाही. त्या बाथरूमच्या दारातच उभ्या होत्या. हात लांब करून मारत होत्या, तोंड दुसरीकडे वळवून.

"कितीही आंघोळ करा, तुम्हा लोकांचा वास काही जात नाही बघ," त्या म्हणाल्या. रागाने नव्हे. भाजी जून निघाली हे सांगावं तसं.

आणि मी हसले. हे मला लिहिलंच पाहिजे. मी हसले आणि म्हणाले, "हो ना ताई."

मग त्यांनी त्यांची आकाशी कुर्ती दिली. "घाल. आणि आता ही तुझीच. परत नको देऊस." मी त्यांच्या पाया पडले. नवीकोरी कुर्ती. माझ्या अंगाला लागल्यावर ती त्यांच्या कपाटात परत जाणार नव्हती, एवढीच ती भेट होती, हे मला त्या दिवशी कळलं नाही. किंवा कळलं, पण मी कळून घेतलं नाही.

मला ताईंच्या नावाने तपासणीला जायचं होतं.

ताई म्हणजे माझ्या मालकीणबाई. साहेब बँकेत मोठे अधिकारी, बदली होऊन जयपूरला आलेले. विद्याधर नगरात दुसऱ्या मजल्यावर घर. मी मूळची परभणीकडची. माझी आई ताईंच्या माहेरी भांडी घासायची. मागच्या दाराने आत, मागच्या दाराने बाहेर. नवऱ्याने मला मारून हाकलल्यावर मी आईकडे आले, तर भावजय म्हणाली, आधीच इथं खायला तोंडं काय कमी आहेत का. तेव्हा ताईंच्या आईने फोन केला आणि ताईंनी मला इकडे बोलावून घेतलं. गॅलरीलगतची सामानाची खोली दिली. पंखा दिला. म्हणून मी दिवसातून दहादा देवाचं आणि ताईंचं नाव घ्यायचे. गॅस बंद केला का हे तीनतीनदा बघायचे. एखादा कप हातातून निसटला तर मला वाटायचं, आता परत पाठवतील. पाच वर्षं मी अशी राहिले. चवड्यावर उभं राहिल्यासारखी.

ताईंच्या मैत्रिणींनी मिळून जिमला जायचं ठरवलं होतं. सगळ्या आपल्याकडच्याच, कुणी पुण्याच्या, कुणी नागपूरच्या, नवऱ्यांच्या बदल्यांमुळे इथे आलेल्या. बारा आठवड्यांचा व्यायामाचा कोर्स. जिमवाल्यांचा नियम होता की चाळिशीपुढच्या माणसाने आधी तपासणी करून घ्यायची. त्यांचं एका तपासणी केंद्राशी ठरलेलं होतं, तिथल्याच डॉक्टरचा कागद चालायचा. आणि ताईंना होतं बीपी. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरने सांगितलं होतं, तीन महिने गोळ्या घ्या, मीठ कमी करा, मग बघू व्यायामाचं. त्यांनी गोळ्या आणल्या, पण घेतल्या नाहीत. गोळी सुरू केली की माणूस म्हातारं झालं असं त्यांना वाटायचं. ग्रुपवर रोज फोटो यायचे. सगळ्यांचे कागद झाले. ताईंचाच राहिला.

"तू जा माझ्याऐवजी," त्या म्हणाल्या. "नाव आणि वय विचारतात, बाकी कोण बघतंय. तुझं सगळं नॉर्मलच येणार. तुम्हा लोकांना कुठलं बीपी नि कुठलं हार्ट? कष्टाचं शरीर. दगड आहे दगड."

साहेब पेपर वाचत होते. ते म्हणाले, "पकडली गेली म्हणजे?"

"ती नाही पकडली जात. गरीब दिसते पण हुशार आहे."

मला हुशार म्हटल्याचा आनंद झाला.

दोन दिवस ताईंनी माझी तयारी करून घेतली. त्या जेवणाच्या टेबलाशी बसायच्या, मी उभी. नाव? मी ताईंचं नाव सांगायचे. आडनावासकट. वय? एक्केचाळीस. मी तेव्हा चौतीसची होते, पण ताई म्हणाल्या, "तुझ्याकडे बघून कुणाला शंका यायची नाही." मग फॉर्मवरचे प्रश्न. ते हिंदीत विचारतील म्हणून हिंदीतच घोकून घेतलं. छाती में दर्द? नहीं. चक्कर? नहीं. साँस फूलती है? नहीं. बी.पी.? नहीं. कोई दवाई? नहीं.

"सगळ्याला नाही. डोकं चालवायचं नाही. नाही, नाही आणि नाही. कळलं?"

"हो ताई."

खरं सांगायचं तर मला धाप लागायची. गच्चीवर कपड्यांची बादली न्यायची तर मधल्या वळणावर मी बादली खाली ठेवायचे आणि कठडा धरून उभी राहायचे. छातीत पाखरू अडकल्यासारखं व्हायचं. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ताई म्हणाल्या असत्या, झेपत नाही का तुला? आणि झेपत नाही असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

केंद्रात गेले. काचेचं दार होतं, ते एका माणसाने माझ्यासाठी उघडलं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आइए मैडम, बैठिए." मी बसले. मऊ खुर्ची होती. तिने पाण्याचा ग्लास आणून दिला, ट्रेमध्ये. ट्रेमधून दुसऱ्यांना पाणी देता देता माझा जन्म गेला, पण ट्रेमधून घ्यायचं कसं ते मला कळेना. मी ट्रेच हातात घेतला. ती हसली, पण चांगलं हसली.

मग ती समोर फॉर्म घेऊन बसली आणि विचारायला लागली.

"मैडम, छाती में कभी दर्द होता है?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. टेबलाशी ताईंनी घोकून घेतलं तेव्हा ते फक्त शब्द होते. पण ही मुलगी पेन धरून माझ्याकडे बघत होती आणि उत्तराची वाट बघत होती. चौतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. आईने नाही, नवऱ्याने तर नाहीच. लेकरू पोटातच गेलं तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या बाईनेसुद्धा "चल, उठ, दुसऱ्यांना खाट लागते" एवढंच म्हटलं होतं. तुझ्या छातीत दुखतं का, हे पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं. आणि ते मला विचारत नव्हतं.

"नहीं," मी म्हणाले.

"सीढ़ी चढ़ने पर साँस फूलती है?"

"नहीं."

"धड़कन तेज़?"

"नहीं."

प्रत्येक नाहीबरोबर ती एक बरोबरची खूण करत होती. मला रडू यायला लागलं होतं आणि का येतंय ते कळत नव्हतं. मला वाटलं, खोटं बोलतेय म्हणून.

आत नेलं. छातीवर, हातापायांवर चिमटे लावले, पट्टी निघाली. मग डॉक्टर आले. पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. त्यांनी छातीला नळी लावली आणि तिथेच थांबले. कूस बदलायला सांगितली. पुन्हा नळी. श्वास रोखायला सांगितलं. खूप वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "बचपन में जोड़ों में सूजन आई थी? बुखार के साथ?"

हा प्रश्न ताईंनी शिकवला नव्हता.

मी सातवीत होते. गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटं. ताप उतरेना. आई मला पाठुंगळी घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या कंपाउंडरकडे न्यायची. तो म्हणायचा, वाढीचं दुखणं आहे, जाईल. चार महिने मी अंथरुणात. उठले तोवर परीक्षा होऊन गेली होती. गुरुजींनी आईला सांगितलं, हिचं आता काय शिकवता, नाव कमी करतो. मला शाळा सुटल्याचं माहीत होतं. त्या तापाने आत दुसरं काही केलं असेल हे माहीत नव्हतं.

ताईंचा आवाज कानात होता. सगळ्याला नाही.

"नहीं," मी म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं. मग बसून लिहायला लागले. लिहिता लिहिता म्हणाले, "दिल के एक वाल्व की आवाज़ ठीक नहीं है. इको करवाइए, जल्दी. तब तक जिम बिल्कुल नहीं. भारी सामान नहीं उठाना, सीढ़ियाँ कम. घर में काम वाली है न?"

"है," मी म्हणाले.

"तो बस, उसी से करवाइए."

मी "जी" म्हणाले आणि कागद घेतला. घरी येताना रिक्षात तो मांडीवर धरून बसले होते. इंग्रजीत होता. वर ताईंचं नाव तेवढं मला वाचता आलं.

ताईंनी कागद वाचला आणि त्या खुर्चीवर बसल्याच. हात आपोआप त्यांच्या छातीशी गेला. तोंड पांढरं पडलं. "अहो," त्यांनी साहेबांना हाक मारली, "अहो, हे बघा काय लिहिलंय!" साहेब आले, त्यांनी वाचलं. क्षणभर त्या घरात खरंच कुणीतरी आजारी होतं.

मग ताई एकदम हसल्या. "अगं बाई! पण हे माझं कुठे आहे? हे तर हिचं!"

साहेबही हसले. "तुझं नाव बघून माझं तर पाणीच झालं."

"माझंसुद्धा! देवा रे. चहा टाक गं जरा आल्याचा."

मी चहा टाकला. दोघं आत बोलत होते, हसत होते. मी कप घेऊन गेले तोवर ताईंचं हसू ओसरलं होतं आणि राग आला होता.

"एक काम सांगितलं होतं तुला. एक! तेही धड झालं नाही. आता त्या केंद्रात माझ्या नावावर हे लागलं. पाच वर्षं घरचंच खातेस, आमच्यासारखंच, आणि हे असलं घेऊन बसलीस होय?"

"चुकलं ताई," मी म्हणाले.

चुकलं. माझ्या हृदयाची झडप बिघडली होती आणि मी माफी मागत होते. मनापासून मागत होते.

"आणि हे लागट नाही ना?" त्यांनी साहेबांना विचारलं.

"हार्टचं कधी लागट असतं का?"

"तसं नाही हो, पण या लोकांचं काही सांगता येत नाही. तू आपलं ताट वेगळंच ठेव काही दिवस."

माझं ताट आधीपासून वेगळंच होतं. बहुतेक त्या विसरल्या होत्या.

मी धीर करून म्हणाले, "ताई, तो कागद मला ठेवू का? सरकारी दवाखान्यात दाखवीन."

"वेडी आहेस का? ह्यावर माझं नाव आहे. कुणाच्या हाती लागला तर?" त्यांनी तो फाडला. आडवा, मग उभा, मग पुन्हा आडवा. मटारच्या सालांच्या डब्यात टाकला. तो डबा मीच संध्याकाळी खाली नेऊन ओतला. तुकडे गोळा केले नाहीत. त्या कागदावर सगळं माझं होतं आणि मी कुठेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी कपड्यांची बादली तेवढीच होती. पिण्याच्या पाण्याचे जार खालून वर तेवढेच आणायचे होते. ताईंना सगळं माहीत होतं. मला वाटलं होतं, माहीत झाल्यावर निदान एक जार साहेब उचलतील. आता मला प्रत्येक पायरी मोजायची सवय लागली. दहा पायऱ्या, थांब. पुन्हा दहा. एकदा वळणावर ताई खाली उतरताना भेटल्या. मी भिंतीला टेकून उभी. त्या म्हणाल्या, "झालं तुझं सुरू? ऐकलं नव्हतंस तोवर बरी होतीस."

आठवड्याने त्यांनी संतोषला बोलावलं. इकडे संतोष हे बायकांचंही नाव असतं. ही झाडूपोछा करायला यायची, खातीपुऱ्याहून. तीस-बत्तीसची, तोंडाने फटकळ. ताई स्वयंपाकघरात आल्या, तिला माझ्यासमोर उभं केलं आणि मला म्हणाल्या, "हिला पाठवायचंय. दुसरे डॉक्टर असतात त्या दिवशी. मी यावेळी आडनावाचं स्पेलिंग थोडं बदलून नाव नोंदवलंय. तुला सगळं माहीत आहे, तू तयार कर हिला. काय विचारतात, कसं बोलायचं. आणि आंघोळ घाल चांगली."

संतोष हसत होती. "हमें तो कोई ये भी ना पूछे कि ज़िंदा है कि मर गई, और अब मशीनें लगेंगी!" तिला गंमत वाटत होती. नवी कुर्ती मिळणार होती.

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या डाव्या पायाला सूज होती. बोट दाबलं तर खळगा राहील अशी. मी ती रोज बघायचे आणि कधी बघितली नव्हती. मला दिसलं, ती मऊ खुर्चीत बसली आहे, मुलगी विचारते आहे, पाय सूजते हैं? आणि ही म्हणते आहे, नहीं. आणि हे 'नहीं' तिला मी शिकवलं आहे.

"मी नाही शिकवणार ताई," मी म्हणाले.

"काय?"

"मी नाही शिकवणार. तिलाही जाऊ देऊ नका."

ताईंना आधी कळलंच नाही. मी मोठ्याने बोलले नव्हते. मी ओट्याची कड धरली होती.

"तू मला सांगणार कुणाला पाठवायचं ते?"

"तुमचं बीपी वाढलेलं आहे. तुम्ही मशीनवर पळाल आणि पडाल. कागद आमचा, पण पळणार तुम्ही. खरं दाखवा ताई, गोळी घ्या. मी काळजीने सांगते."

"काळजी? तू माझी काळजी करणार?" त्यांचा आवाज चढला. "नवऱ्याने हाकलली, भावाने ठेवली नाही, कुत्रं विचारत नव्हतं तुला. मी आणली. हे उपकार फेडतेस होय?"

"उपकार विसरले नाही. पाच वर्षं तेच आठवत जगले. पण त्या दिवशी डॉक्टरने माझी छाती तपासली ताई. दुखणं माझं निघालं. तुम्ही ते फाडून सालांत टाकलंत."

"मग काय फ्रेम करून लावायचं होतं?"

मी संतोषकडे वळून हिंदीत म्हणाले, "अपनी जाँच अपने नाम से कराना. पाँव की सूजन दिखाना." ती हसायची थांबली.

ताई म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता निघ."

पाच वर्षं मी या वाक्याला भीत होते. ते आलं, आणि मी गॅस बंद आहे का एकदाच बघितलं. एकदाच. मग खोलीत जाऊन पिशवी भरली. आकाशी कुर्ती खिळ्याला तशीच ठेवली.

खातीपुऱ्यात संतोषच्या गल्लीत एक खोली मिळाली, भिंतीला भिंत लावून. आता दोन घरांचा स्वयंपाक करते, दोन्ही तळमजल्यावरची. संतोष ताईंकडे गेली. केंद्रातही गेली. मला सांगताना खाली बघत होती. "क्या करती बहन, काम जाता." तिचं सगळं ठीक निघालं, पायाचं तिने सांगितलं नाही. ताईंना कागद मिळाला. मी तिला बोल लावला नाही. मीही गेले होते. मी तर पाया पडून गेले होते.

सरकारी दवाखान्यात मी माझ्या नावाने कागद काढला. इको झाली. तरुण डॉक्टरीणबाई होती, तिने चित्र काढून दाखवलं. दार आहे, पण पुरतं उघडत नाही. लहानपणीच्या त्या तापाने झालंय. मांडीतून नळी घालून, आत फुगा फुगवून ते उघडावं लागेल. तिने विचारलेल्या सगळ्याला मी हो म्हणाले. हो, हो, हो. ती म्हणाली, "इतने दिन क्यों नहीं बताया?" तिला काय सांगणार.

आता अडलंय ते सहीवर. नातेवाइकाची सही लागते. भावाला फोन केला, तो म्हणाला, हंगाम आहे, निघणं होत नाही. आई उठून बसू शकत नाही.

मग ताईंचा फोन आला. संतोषकडून कळलं असावं. गोड बोलल्या. "अगं, परकी आहेस का तू? साहेब येतील सही करायला. मोठ्या डॉक्टरांशीही बोलतील. तू आधी घरी ये बघू. नवी बाई मीठसुद्धा धड घालत नाही. आणि हो, जिममध्ये वगैरे कुणापाशी काही बोलली नाहीस ना?"

खोटं कशाला बोलू, मन गेलं तिकडे. साहेबांची सही, साहेबांची ओळख, एका दिवसात काम. मला मरायची भीती वाटते. परमुलखात, परक्या भाषेत मरायची तर फारच.

"नाही येणार ताई," मी म्हणाले. "तुम्ही बीपीची गोळी घेता का?"

त्यांनी फोन ठेवला.

काल मी फॉर्म घेऊन खिडकीशी गेले. नातेवाइकाच्या रकान्यात मी माझंच नाव लिहिलं होतं, सातवीच्या अक्षरात, पूर्ण. खिडकीतला माणूस म्हणाला, "ये तो मरीज़ का नाम है. साथ में कौन है?"

"कोई नहीं."

"तो किसी को लेकर आओ." त्याने फॉर्म सरकवला.

मी उचलला नाही. पुन्हा आत सरकवला. "मरीज़ भी मैं हूँ, साथ में भी मैं हूँ. नहीं चलता तो लिखकर दीजिए कि क्यों नहीं चलता. मैं बड़े डॉक्टर को दिखाऊँगी."

मागचे लोक ओरडायला लागले. कुणी म्हणालं, बाई, बाजूला हो. मी बाजूला झाले नाही. त्याने वैतागून खिडकी लावली, जेवायची वेळ झाली म्हणाला. उघडली तेव्हा मी तिथेच होते. तो म्हणाला, कल आना.

आज गेले. खिडकीतला माणूस रजेवर होता. उद्या जाणार. उद्या नाही झालं तर परवा. लिहून देत नाहीत तोवर रोज. भीती वाटते, धाप लागते, दहा पावलांवर थांबावं लागतं. थांबेन आणि पुन्हा चालेन. त्या फॉर्मवर दुसऱ्या कुणाचं नाव मी लिहू देणार नाही.